स्त्रियांचे नेतृत्व: मान्यता कुठे, किती आणि कशाने

स्त्रीने नेतृत्व करावे का, या प्रश्नाला भारतातील बहुतेक माणसे आज होकार देतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला देशभरातील सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यातील स्त्री-पुरुष भूमिकांविषयीचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकीय नेते म्हणून स्त्री आणि पुरुष सारखेच चांगले, असे ५५ टक्के लोकांनी सांगितले. स्त्रिया अधिक चांगल्या नेत्या ठरतात असे १४ टक्क्यांना वाटत होते, तर पुरुष अधिक चांगले असे म्हणणारे २५ टक्केच होते. मात्र घराचा प्रश्न आला की हीच माणसे वेगळे बोलतात. पत्नीने नेहमी पतीचे ऐकले पाहिजे, या विधानाला ८७ टक्क्यांनी पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी संमती दिली. नोकऱ्या कमी असतील तेव्हा त्यांवर पुरुषांचा हक्क अधिक, हे ८० टक्क्यांनी मान्य केले.

ही दोन मते एकाच मनात सुखाने नांदतात, याचे कारण त्यांची गाठ सहसा पडत नाही. दिल्लीतल्या पंतप्रधानपदावर बाई बसली म्हणून गावातली किंवा घरातली उतरंड हलत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत, कारखान्याच्या संचालक मंडळावर किंवा पलटणीच्या प्रमुखपदी बाई आली की मात्र तिचा हुकूम कुणाला तरी रोज पाळावा लागतो आणि लोकमताची खरी कसोटी तिथे लागते. या कसोटीचा गेल्या चार-पाच दशकांतला अनुभव पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोकांचे मन तयार झाले आणि मग स्त्रीला पद मिळाले, असा क्रम क्वचितच घडला आहे. बहुतेक ठिकाणी पद आधी आले, कधी कायद्याने, कधी परीक्षेने, कधी सोडतीच्या चिठ्ठीने, आणि मन मागाहून वळले.

महाराष्ट्राला कर्तबगार स्त्रियांच्या आठवणींची वाण नाही. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० पासून ताराबाईंनी मोगलांशी झुंज चालू ठेवली. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार केला. जोतीराव फुले १८९० मध्ये गेल्यावर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे नेले आणि १८९३ च्या सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. पण या तिघींच्या हाती सूत्रे आली ती घरातला पुरुष गेल्यानंतर. अहिल्याबाईंच्या बाबतीत पती, सासरे आणि मुलगा असे तिघेही गेले होते. पुढच्या काळातही ही वाट बुजली नाही. दयानंद बांदोडकरांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. या सगळ्यांची कर्तबगारी कुणी नाकारत नाही. तरीही या परंपरेने समाजाला एक सवय लावली: स्त्रीचे नेतृत्व आदराने स्वीकारायचे, पण अपवाद म्हणून. अपवादाला वंदन करणे सोपे असते, कारण त्याने नियम बदलत नाही.

नेता म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष का येतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत १९७०च्या दशकात सुरू झाला. व्हर्जिनिया शाइन यांनी १९७३ मध्ये विमा कंपन्यांतील पुरुष व्यवस्थापकांपुढे ९२ गुणविशेषांची यादी ठेवली. काहींनी त्यावरून सर्वसाधारण पुरुषाचे वर्णन करायचे होते, काहींनी स्त्रीचे आणि काहींनी यशस्वी व्यवस्थापकाचे. यशस्वी व्यवस्थापकाचे वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळले, स्त्रीच्या वर्णनाशी नाही. पुढे अनेक देशांत ही पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हा समज कुठल्या एका संस्कृतीचा नसल्याचे दिसले. अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन कॅरो यांनी २००२ मध्ये यातली कोंडी नेमकी मांडली. स्त्रीकडून मायाळूपणाची आणि नमते घेण्याची अपेक्षा असते, तर नेत्याकडून ठामपणाची. त्यामुळे नेतेपदावरची स्त्री मृदू वागली तर ती कमकुवत ठरते आणि ठाम वागली तर उर्मट. तोच ठामपणा पुरुषात कर्तृत्व म्हणून मोजला जातो.

ही कोंडी फुटते का, आणि कशाने फुटते, याचे सर्वात भक्कम उत्तर भारतातल्या खेड्यांनी दिले आहे. स्त्रियांसाठी पंचायतींत आरक्षण येण्यापूर्वीही महाराष्ट्रात काही गावांनी पूर्ण स्त्रियांच्या पंचायती निवडल्या होत्या. पुणे जिल्ह्यातल्या निंबूतमध्ये १९६३ मध्येच असा प्रयोग झाला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यातून पंचायतींच्या निवडणुका स्त्रियांनी लढवण्याचा विचार पुढे आला आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचा कारभार गावाने स्त्रियांच्या हाती दिला. अशा पंचायतींचा पुण्याच्या आलोचना या संस्थेने अभ्यास केला. तो १९९८ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आला आणि पुस्तकाला नाव दिले गेले ते एका प्रश्नाचे: मग चपात्या कोण करणार? गावोगावच्या हरकतीचा सगळा अर्क त्या प्रश्नात आहे. बाईला कारभार जमेल की नाही ही शंका नंतरची, तिच्या वाटणीचे काम कुणाच्या अंगावर पडणार ही पहिली.

एकट्यादुकट्या गावाचा प्रयोग आणि देशभराची घटनादुरुस्ती यांत मोठे अंतर आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींमधील किमान एक तृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. कोणते गाव राखीव हे आळीपाळीने ठरत असल्यामुळे संशोधकांना एक दुर्मीळ संधी मिळाली. जिथे स्त्री सरपंच आली ती गावे आधीपासून पुढारलेली होती, असे म्हणायला जागाच उरली नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानमधील उदयपूर या जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रिया प्रमुख असलेल्या पंचायतींनी स्त्रियांच्या तक्रारींत वरचेवर येणाऱ्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च केल्याचे त्यात दिसले. डफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांच्या दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष मात्र मनाला लागतो. स्त्री सरपंचांच्या गावांत पाण्याच्या सोयी जास्त होत्या, त्यांचा दर्जा कमी नव्हता, लाच कमी द्यावी लागत होती. तरीही त्या गावांतले लोक कमी समाधानी होते. काम डोळ्यांसमोर असूनही ते करणारीला त्याचे श्रेय मिळाले नाही.

मग अनुभवाने काहीच बदलत नाही का? बदलते, पण सावकाश. लोरी बीमन, डफ्लो, टोपालोवा, चट्टोपाध्याय आणि रोहिणी पांडे यांनी बीरभूममध्येच एक साधी युक्ती केली. गावच्या प्रमुखाचे एकच भाषण काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवले, काहींना स्त्रीच्या. जिथे कधीच स्त्री प्रमुख झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले, शब्द तेच असूनही. जिथे एकदा तरी स्त्रीने कारभार केला होता, तिथे हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे स्त्रीच्या कुवतीविषयीचा गैरसमज अनुभवाने गळून पडला. नेता म्हणून पुरुषच आवडतो, ही आवड मात्र तशीच राहिली. कुवत मान्य करणे आणि मनापासून पसंत करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली ओलांडली तरी मतपेटीत फरक पडू लागतो. त्या भागात लागोपाठ दोन वेळा पद राखीव राहिल्यावर खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक संख्येने उभ्या राहू आणि निवडून येऊ लागल्या.

याच गटातील काहींनी २०१२ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४९५ गावांतील आईवडिलांना आणि किशोरवयीन मुलामुलींना भविष्याविषयी विचारण्यात आले. पालक मुलासाठी मोठी स्वप्ने पाहतात आणि मुलीसाठी लहान. दोन वेळा स्त्री प्रमुख पाहिलेल्या गावांत हे अंतर सुमारे पाव हिश्शाने घटले होते, आणि मुलामुलींच्या स्वतःविषयीच्या आकांक्षांतले अंतर जवळजवळ एक तृतीयांशाने. शिक्षणातली तफावतही तिथे मिटली होती. सरपंचबाईंनी मुलींसाठी वेगळी योजना आणल्यामुळे हे घडले असे दिसले नाही. त्या पदावर दिसल्या, एवढे पुरले.

शहरातही हेच घडते, याचा दाखला मुंबईचा आहे. महापालिकेच्या निवडणुकीत १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले अनेक वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले. रिखिल भावनानी यांनी त्यांची तुलना दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या वॉर्डांशी केली. एकदा राखीव राहिलेल्या वॉर्डात पुढच्या खुल्या निवडणुकीत स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाच पट होती. आरक्षणामुळे प्रभागात काम केलेल्या, मतदारांना ठाऊक झालेल्या स्त्रिया तयार झाल्या होत्या आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळले होते. उमेदवारी पक्ष देतात. त्यामुळे पक्षनेत्यांचा अंदाज बदलणे हे मतदाराचे मन बदलण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

आळीपाळीने फिरणाऱ्या आरक्षणाची दुसरी बाजूही आहे. पाच वर्षे शिकलेल्या बाईला मुदत संपताच बाजूला व्हावे लागते आणि पुढच्या गावात नवी बाई पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते. तिच्या वतीने सह्यांपासून सभेपर्यंत सारे सांभाळणारे सरपंचपती महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने सांगायला नकोत. हा प्रकार इतका पसरलेला आहे की त्यावर उपाय सुचवण्यासाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. नवऱ्याला बाजूला ठेवून स्वतः कारभार करणाऱ्या बाईचा रस्ता तर अधिकच खडतर असतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अतिक्रमणाच्या तक्रारीवरून अपात्र ठरवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती अपात्रता रद्द केली. एक स्त्री सरपंच झाली आणि तिचे निर्णय पाळावे लागणार, हे गावकऱ्यांना पचले नाही, असे निरीक्षण न्यायालयाने त्या निकालात नोंदवले.

आरक्षण जिथे अजून पोहोचलेले नाही, तिथे राजकारणाचे आकडे जागचे हलत नाहीत. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर २०१९ मध्ये २४ स्त्रिया निवडून आल्या, २०२४ मध्ये २१. लोकसभेत याच दोन निवडणुकांत त्यांची संख्या ७८ वरून ७४ वर आली. राज्याला १९६० पासून आजवर स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. मतदारांना स्त्री नेत्या नकोत असा याचा अर्थ काढणे चूक होईल. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी १९७०च्या दशकात महागाईविरुद्ध उभारलेल्या लाटणे मोर्च्यांमागे मुंबई उभी राहिली होती आणि मृणालताईंना लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ केले होते. पाणी, रॉकेल, तेल, धान्य या प्रश्नांवर स्त्रीचे नेतृत्व समाजाला चटकन पटते, कारण ते प्रश्न घरातूनच आलेले असतात. अर्थ, गृह, महसूल, सहकार या खात्यांशी स्त्रीचे नाव तितक्या सहजपणे जोडले जात नाही. संसद व विधानसभांत एक तृतीयांश आरक्षण देणारी १०६वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. पहिले विधेयक १९९६ मध्ये आले होते, म्हणजे संसदेचे मन वळायला २७ वर्षे लागली, आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेली आहे.

प्रशासनात प्रवेश परीक्षेने होतो आणि बढती बरीचशी ज्येष्ठतेने. म्हणून तिथे लोकमताला आडवे येण्याची संधी कमी मिळते. नियम मात्र बराच काळ आडवे आले. परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा स्त्रीला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यायला लावणारे आणि लग्नानंतर राजीनामा मागण्याची मुभा देणारे नियम अस्तित्वात होते. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. महाराष्ट्राला पहिल्या महिला पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला आणि पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक या दोघी २०२४ मध्येच मिळाल्या. आज जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक म्हणून बाई आली तर जिल्ह्याला नवल वाटत नाही. खात्याच्या शिखरावर ती दिसायला राज्याच्या स्थापनेपासून ६४ वर्षे जावी लागली.

सैन्याच्या बाबतीत तर लोकमतालाच सरकारने आपला युक्तिवाद बनवले. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन आणि नेतृत्वाची पदे देण्याच्या खटल्यात केंद्राच्या वतीने सांगण्यात आले की बहुसंख्य जवान ग्रामीण भागातले असतात आणि प्रचलित सामाजिक धारणांमुळे स्त्रीचा हुकूम स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी अद्याप झालेली नाही. ही मांडणी खेड्यातल्या तरुणांवरही अन्याय करणारी होती. त्याच खेड्यांत तोवर अडीच दशके स्त्री सरपंच कारभार करत होत्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि महिला अधिकाऱ्यांच्या कामगिऱ्यांची यादीच निकालात दिली. पुण्याला २०१६ मध्ये झालेल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांचे नाव त्यात होते. पुढे २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या दीक्षान्त संचलनात १७ महिला छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली.

उद्योगजगतात बँका एका टोकाला आहेत आणि घराण्यांच्या कंपन्या दुसऱ्या. २०१३च्या सुमारास स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य, अलाहाबाद बँकेत शुभलक्ष्मी पानसे, बँक ऑफ इंडियात विजयालक्ष्मी अय्यर आणि अ‍ॅक्सिस बँकेत शिखा शर्मा एकाच वेळी प्रमुखपदी होत्या. सरकारी बँकांतल्या या स्त्रिया स्पर्धा परीक्षेतून अधिकारी म्हणून लागल्या आणि बदल्या-बढत्यांच्या ठरलेल्या वाटेने वर आल्या. खासगी कंपन्यांत अशी वाट नव्हती, म्हणून २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. अनेक प्रवर्तकांनी तेव्हा पत्नी, मुलगी किंवा सून यांची नावे घातली. शेवटी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मोठ्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, तर १,००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून, स्वतंत्र महिला संचालक नेमणे बंधनकारक केले.

स्त्रियांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्थांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे विश्वास संपादायचा असतो तो बाहेरच्यांचा. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडला ग्रामीण स्त्रियांची बँक काढण्यासाठी चेतना सिन्हा यांनी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. त्या लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राविना काढून दाखवावे, असे त्यांनी सांगितल्याची हकिगत चेतनाताईंनी जाहीर व्यासपीठांवरून सांगितली आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

विज्ञानात पूर्वग्रह किती उघड होता, हे कमला सोहोनी यांच्या उदाहरणावरून कळते. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकाळाची अट घालून घेतले. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी संस्थेत मुलींना प्रवेश देणे सुरू केले. कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. चांद्रयान-२ या मोहिमेत प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या, त्या काळापर्यंत देश बराच पुढे आला होता.

साहित्याचे क्षेत्र स्वतःला उदार मानते. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. पहिल्या ९१ संमेलनांत अध्यक्षपद चारच स्त्रियांकडे आले: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष. इतक्या लेखिका ज्या भाषेत झाल्या तिला हा आकडा शोभत नाही. अध्यक्षपदासाठी मतांची जुळवाजुळव करावी लागत होती आणि अनेक मोठ्या लेखिका त्या वाटेला गेल्याच नाहीत. २०१८ मध्ये निवडणूक बंद होऊन सन्मानाने निवड करण्याची पद्धत आली. तिच्यानुसार पहिली निवड अरुणा ढेरे यांची झाली आणि २०२५च्या दिल्लीच्या संमेलनात ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. बदललेल्या पद्धतीने तोवरच्या सात संमेलनांत दोन स्त्रिया आल्या.

धर्माच्या क्षेत्रात स्त्रीने पुढाकार घेण्याला विरोध सर्वात चिवट आहे. शनिशिंगणापूरच्या देवस्थानाचे अध्यक्षपद जानेवारी २०१६ मध्ये प्रथमच एका स्त्रीकडे आले, तेव्हा त्याच देवस्थानाच्या चौथऱ्यावर चढण्याची स्त्रियांना मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ती उठली. पौरोहित्यात चित्र थोडे आशादायक आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने जातीची व स्त्री-पुरुष भेदाची अट न ठेवता पुरोहित घडवले. लग्न, वास्तुशांत, श्राद्ध असे विधी स्त्री पुरोहित अर्थ समजावून सांगत करतात. या कामाला सोडत नाही, परीक्षेतून मिळणारी नेमणूक नाही, न्यायालयाचा आदेशही नाही. कुणाला बोलवायचे हे प्रत्येक कुटुंब स्वतः ठरवते. एका घरचे कार्य नीट पार पडले की त्याच मांडवातला दुसरा यजमान पुढच्या कार्यासाठी त्याच बाईंचा नंबर मागून घेतो.